भरलेल्या कॅसेट संगणकावर उतरवताना

वऱ्हाडातल्या जुन्या घरांत कॅसेटचे दोन प्रकार सापडतात. एक विकत आणलेली, छापील वेष्टनाची. दुसरी कोरी आणून घरच्या टेपरेकॉर्डरवर 'भरलेली'. गुरुकुंज मोझरी आणि आसपासच्या गावांत या दुसऱ्या प्रकारात बहुधा गावातली सामुदायिक प्रार्थना असते, भजनी मंडळाचे खंजिरी भजन असते, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आश्विन वद्य पंचमीच्या पुण्यतिथी महोत्सवात मांडीवर टेप घेऊन भरलेला एखादा तास असतो. विकत घेतलेल्या कॅसेटच्या हजारो प्रती निघाल्या. भरलेल्या कॅसेटची प्रत एकच असते, आणि ती घरातल्या ट्रंकेत किंवा फडताळात पडून आहे.

ही कॅसेट मोबाइलवर कशी आणायची, त्यासाठी कोणते यंत्र घ्यायचे, खरखर जाईल का आणि यूट्यूबवर टाकली तर कोणाची हरकत येईल का, या चार प्रश्नांपाशी बहुतेकांचे काम अडते. चारही प्रश्नांची उत्तरे घरच्या घरी अमलात आणता येण्याजोगी आहेत. फक्त क्रम चुकता कामा नये.

आधी कोणती कॅसेट घ्यावी

कॅसेट वाजायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ ती उतरवायला लागतो. सी-६० म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक तास, सी-९० म्हणजे दीड तास. घरात सी-६०च्या चाळीस कॅसेट असतील, तर रोज एक याप्रमाणे चाळीस दिवस गेले. म्हणून निवड आधी करावी.

* सर्वांत आधी घरी किंवा कार्यक्रमात भरलेली कॅसेट. तिच्यातला गाणारा किंवा बोलणारा माणूस आज हयात नसेल, तर तिचा नंबर पहिला.
* त्यानंतर रेडिओवरून भरलेली. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे आणि त्याचे कार्यक्रम वऱ्हाडातल्या घराघरांत टेपवर घेतले गेले. ते सगळेच कुठेतरी जपलेले असतील असे धरून चालू नये.
* शेवटी कंपनीची छापील कॅसेट. तीच ध्वनिमुद्रिका आज कंपनीकडूनच चांगल्या दर्जात मिळत असेल, तर घरची झिजलेली प्रत उतरवण्यात वेळ घालवू नये.

'या कॅसेटवर खुद्द महाराजांचा आवाज आहे' असे अनेक घरांत सांगितले जाते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली खरी, पण भारतातल्या गावांपर्यंत ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीनंतर पोचली. त्यामुळे अशी कॅसेट म्हणजे बहुधा तबकडीवरून किंवा स्पूलच्या टेपवरून केलेली नक्कल असते. ती जपावीच, पण मूळ तबकडी किंवा स्पूल कोणाकडे आहे याचा शोधही घ्यावा, कारण आवाजाचा खरा कस तिथे आहे. स्पूलची टेप सापडली तर ती घरी वाजवून पाहू नये. ते काम जाणकाराचे.

कॅसेट हातात घेतल्यावर

पहिले काम म्हणजे कॅसेटच्या वरच्या कडेला असलेली प्लास्टिकची दोन चिमुकली पाती तोडून टाकणे. ती शाबूत असतील तर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले जाऊन भजन पुसले जाऊ शकते. पाती तुटली की ते बटण दबतच नाही. हे काम टेप लावण्यापूर्वी करायचे असते. नंतर आठवून उपयोग नाही.

मग खिडकीजवळच्या उजेडात फीत निरखावी. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती पावसाळ्यातली बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवली तर बुरशी यंत्रात जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवावी आणि सगळ्यात शेवटी, साफ करून घेऊनच हाताळावी. फितीच्या मागे नमद्याची एक छोटी गादी असते, ती निखळलेली असेल तर आवाज दबका आणि चढ-उतार होत येतो. चार-पाच स्क्रू असलेल्या दुसऱ्या कॅसेटचे कवच घेऊन त्यात दोन्ही रिळे बसवली की हा दोष जातो. ज्या कॅसेटला स्क्रूच नाहीत, जिचे दोन भाग चिकटवलेले आहेत, ती सुरीने उघडण्याचा प्रयत्न नवख्याने करू नये.

फीत तुटली असेल तर घरातली चिकटपट्टी वापरू नये. उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि शेजारच्या वेटोळ्यांना चिकटतो. फितीसाठी वेगळी जोडपट्टी मिळते, ती फितीच्या मागच्या बाजूने लावायची असते. सी-१२० कॅसेटची फीत फार पातळ असते. तिला पुढे-मागे पळवण्याची घाई अजिबात करू नये.

वर्षानुवर्षे पडून असलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. चिकटलेली वेटोळी सुटतात, ताण सारखा होतो. पेन्सिल घालून हाताने फिरवण्याची जुनी सवय इथेही कामाची आहे: चाक जड फिरत असेल तर ते यंत्राआधी बोटांना कळते.

वाजवायचे कशावर

सगळ्या कामात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि बहुतेकांची चूकही इथेच होते. वॉकमनच्या आकाराचे, थेट यूएसबीने संगणकाला लागणारे स्वस्त यंत्र ऑनलाइन दुकानांत सहज दिसते. ते सोयीचे आहे, पण त्यातली मोटार आणि हेड इतके हलके असतात की आवाज लहरतो, हार्मोनियमचा लांब सूर थरथरतो. ज्या कॅसेटची प्रत जगात एकच आहे, तिच्यासाठी ते घेऊ नये.

त्याऐवजी मोठा, चांगल्या स्थितीतला डेक मिळवावा. तो नसेल तर घरातला जुना टू-इन-वन. हा जुना टू-इन-वन भंगारात देण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी: कॅसेट ज्या यंत्रावर भरली, त्याच यंत्राच्या हेडशी तिचे सर्वांत जास्त जुळते. घरचा टेप बंद असण्याचे कारण बहुधा आतला रबरी पट्टा सैल होणे किंवा वितळणे एवढेच असते. अमरावती, अकोला, नागपूर इथे रेडिओ-टेप दुरुस्त करणारी जुनी मंडळी अजून काम करतात. पट्टा आणि फीत ओढणारे रबरी चाक बदलून घेतले तर तोच टेप या कामासाठी उत्तम ठरतो.

हेड जुळण्याचा मुद्दा थोडा समजून घ्यावा. कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते. १०,००० हर्ट्झच्या तीव्र आवाजाची एक लाट त्या फितीवर जेमतेम पाच मायक्रोमीटर लांबीची असते. हेड किंचित तिरके असले तरी अशा लाटा वाचल्या जात नाहीत, आणि भजन घोंगडीआडून ऐकल्यासारखे येते. खंजिरीच्या झांजा आणि टाळ यांचा आवाज नेमका याच पट्टीत असतो. म्हणून 'कॅसेट खराब झाली' असे म्हणण्याआधी हेडचा कोन तपासावा.

* कानकाडीला ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि धातूची बारीक दांडी पुसावी. कापूस तपकिरी येईनासा होईपर्यंत पुसत राहावे. रबरी चाक ओल्या कापडाने पुसले तरी चालते.
* एखादी बिनमोलाची कॅसेट लावून यंत्र फीत खात नाही ना, हे पाहावे. मौल्यवान कॅसेटवर प्रयोग करू नये.
* हेडच्या एका बाजूला स्प्रिंग लावलेला स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, फिरवून पाहावा. एका जागी झांजा एकदम उघड्या ऐकू येतात. तीच जागा बरोबर. दुसऱ्या स्क्रूला हात लावू नये.
* वेगवेगळ्या टेपवर भरलेल्या कॅसेटसाठी ही जागा वेगवेगळी असते. म्हणून प्रत्येक कॅसेटला कान लावून ती पुन्हा ठरवावी.

डॉल्बीचे बटण असेल तर ते घरी भरलेल्या कॅसेटला सहसा बंदच ठेवावे. ज्या साध्या टेपवर ती भरली, त्यात ही सोय नव्हती.

संगणकाला जोडणी

टेपच्या स्पीकरसमोर मोबाइल धरून ध्वनिमुद्रण करणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. त्यात पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर आणि खोलीचा घुमारा कायमचा मिसळतो. वायरनेच जोडावे.

डेकच्या मागे 'लाइन आउट' असते. टू-इन-वनला ते नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून आवाज घ्यावा आणि टेपचा आवाज मध्यम ठेवावा. आजच्या बहुतेक लॅपटॉपला एकच छिद्र असते आणि ते हेडफोन-माइकचे असते. त्यात टेपची वायर थेट घातली तर आवाज फाटतो आणि दोन वाहिन्यांची एक होते. म्हणून 'लाइन इन' असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. खरेदी करताना दुकानदाराला एवढाच प्रश्न विचारावा: यात लाइन इन आहे की फक्त माइक? नुसता माइक असलेले स्वस्त कार्ड या कामाचे नाही.

जोडणी केल्यावर सतत घुंई ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. बरेचदा ती तेवढ्यानेच थांबते.

संगणकावर 'ऑडॅसिटी' हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. तो २००० सालापासून उपलब्ध आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मात्र तो त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. त्याच नावाने दुसरेच काही देणारी पाने शोधात वर येतात.

भरताना

नोंदणीचा दर ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट ठेवावा. एका मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, म्हणजे सी-६० कॅसेटला एक जीबी. चाळीस कॅसेट ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावतात, तेव्हा जागा वाचवण्यासाठी सुरुवातीलाच एमपी३ करण्याचे कारण उरत नाही. एमपी३ करताना जे गळते ते परत मिळत नाही. मूळ फाइल 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' प्रकारात ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ नंतर केव्हाही करता येते.

आवाजाची पातळी ठरवताना गायकाकडे नाही, खंजिरीकडे कान द्यावा. गायन शांत चाललेले असते आणि खंजिरीवरची एक थाप एकदम उसळते. सर्वांत जोराच्या थापेला मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी ठेवावी. ती शून्याला टेकली की तिथला आवाज कापला जातो, आणि तो कोणत्याही प्रोग्रामने दुरुस्त होत नाही.

संगणकाचे झोपी जाणे बंद करावे, विंडोजमधल्या आवाज 'सुधारणाऱ्या' सोयी बंद कराव्यात, मोबाइल दूर ठेवावा. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर ती टाळावी: लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, टेप मात्र थांबतो आणि फीत हेडला टेकलेलीच राहते. अशा वेळी लगेच स्टॉपचे बटण दाबावे.

एक बाजू सुरू केली की ती संपेपर्यंत थांबवू नये. अधेमधे गाणे वेगळे करणे, रिकामी जागा गाळणे हे सगळे नंतर, आणि नक्कल प्रतीवर. रिकामी जागा आपोआप कापणारी सोय तर पुण्यतिथी महोत्सवाच्या कॅसेटला लावूच नये. गुरुकुंजात त्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. हजारो माणसे स्तब्ध असताना टेपवर फक्त वाऱ्याचा आणि एखाद्या खोकल्याचा आवाज असतो. संगणकाला ती रिकामी जागा वाटते. ती कापली गेली तर त्या कॅसेटवरचा सर्वांत मोलाचा भाग गेला.

खरखर काढण्याचा मोह

मूळ फाइल जशी आली तशी जपून ठेवावी आणि तिच्यावर काहीही करू नये. साफसफाई नकलेवर करावी. हा नियम न पाळल्याचे दुःख वर्षभराने कळते, जेव्हा कान सरावतात आणि आधी 'स्वच्छ' वाटलेला आवाज पोकळ वाटू लागतो.

खरखर काढणारा प्रोग्राम आधी खरखरीचा नमुना घेतो आणि तिच्याशी मिळतेजुळते सगळे वजा करतो. अडचण अशी की झांजांची किणकिण आणि फितीची सळसळ एकाच पट्टीत असतात. जोर लावून खरखर काढली की खंजिरीची छनछन पाण्यातल्या बुडबुड्यांसारखी होते. म्हणून ६ ते ८ डेसिबलपलीकडे जाऊ नये. थोडी सळसळ राहिली तर राहू द्यावी, कान तिला पाच मिनिटांत विसरतो.

वेगाचा दोष मात्र दुरुस्त करण्याजोगा आहे. पट्टा सैल असलेला टेप भजन खाली नेतो, तर कमी बॅटरीवर भरलेली कॅसेट चांगल्या यंत्रावर चढी वाजते. सहा टक्क्यांचा फरक म्हणजे जवळपास अर्धा सूर. विजेवर चालणाऱ्या टेपने भरलेल्या कॅसेटमध्ये ५० हर्ट्झची घुंई बरेचदा नोंदली गेलेली असते. ती ५२ वर दिसली तर कॅसेट सुमारे चार टक्के वेगाने वाजते आहे. कॅसेट थांबवूनही घुंई येत असेल तर ती आत्ताच्या जोडणीची, ती धरू नये. त्या काळी विजेची वारंवारिता ५० च्या खालीही जात असे, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. भजनातली हार्मोनियम मंडळाकडे अजून असेल तर तिच्याशी सूर लावून पाहावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने हल्ली गायकाचा आवाज वाद्यांपासून वेगळा करून देतात. अस्पष्ट शब्द ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग जरूर करावा. पण ती साधने जे नाही ते अंदाजाने भरतात. असा आवाज 'मूळ' म्हणून कोणाला देऊ नये, आणि दिवंगत गायकाच्या आवाजात नवे भजन तयार करण्याच्या वाटेला जाऊ नये. कुटुंबाची आणि मंडळाची ती फसवणूक ठरते.

नाव, गाव, वर्ष

नाव नसलेली फाइल दहा वर्षांनी कॅसेटइतकीच मुकी असते. फाइलच्या नावात वर्ष, गाव, प्रसंग आणि बाजू हा क्रम ठेवावा: '१९८६-तिवसा-सामुदायिक प्रार्थना-बाजू अ'. वर्ष पक्के नसेल तर 'अंदाजे' लिहावे, ठोकून देऊ नये. वेष्टनावरचे हस्ताक्षर पुसट होत जाते, म्हणून दोन्ही बाजूंचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा.

त्यानंतर ती कॅसेट घरातल्या किंवा मंडळातल्या वयस्क माणसासोबत बसून ऐकावी. तबल्यावर कोण, मागे झील कोणाची, मध्येच 'माइक पुढं घे' म्हणणारा कोण, हे त्यांना एका क्षणात सांगता येते. ते बोलत असताना मोबाइलवर त्यांचे बोलणे भरून घ्यावे आणि तीही फाइल सोबत ठेवावी. हे काम पुढे ढकलू नये. फीत अजून काही वर्षे टिकेल, ओळखणारी माणसे टिकतीलच असे नाही.

कुठे ठेवायचे

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घरच्या संगणकात एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी पुण्या-मुंबईतल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ने-आण करण्यापुरते ठीक, एकमेव प्रत त्यांच्यावर ठेवू नये. घरी भरलेल्या सीडीवरचा थर उन्हाने आणि दमटपणाने बिघडतो. वर्षातून एकदा, पुण्यतिथीच्या सुमारास म्हणा, प्रत्येक प्रत उघडून वाजते ना ते पाहावे.

क्लाउड ही सोय आहे, तिजोरी नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले. मायस्पेसने २०१९ मध्ये मान्य केले की लोकांनी तिथे बारा वर्षांत चढवलेले संगीत हरवले. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले, आणि वडिलांच्या नावाचे खाते त्यांच्या पश्चात कोणी उघडत नाही. शिवाय गूगलची मोफत जागा १५ जीबी, म्हणजे २४ बिटच्या पंधराच कॅसेट. या कंपन्या वाईट आहेत असे नाही. पण आपल्या गावचे भजन जपणे हे त्यांचे काम नाही, आणि तसे वचनही त्यांनी दिलेले नाही. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, नाहीतर आवाज दाबला जाऊ शकतो.

हक्क: काय करता येते, कशाला परवानगी लागते

कॉपीराइट अधिनियम, १९५७ हा इथे लागू होणारा कायदा आहे. कलम ५२ प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी किंवा संशोधनासाठी केलेला रास्त वापर म्हणजे उल्लंघन नव्हे. आपली कायदेशीर कॅसेट स्वतःसाठी संगणकात साठवणे यात बसते. सार्वजनिक, ना-नफा ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल तर त्यालाही ती जतनासाठी डिजिटल स्वरूपात ठेवता येते. प्रश्न येतो तो लोकांसमोर टाकताना. तेव्हा एका कॅसेटवर एकाहून जास्त हक्क असतात.

* शब्द आणि चाल: रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे. तुकडोजी महाराजांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ही मुदत ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत त्या प्रसिद्धीच्या वर्षावरून मोजतात.
* ध्वनिमुद्रिका: प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे. १९६४ किंवा त्याआधी प्रसिद्ध झालेल्या तबकडीवरचा हा हक्क संपला आहे. त्यानंतरच्या कंपनीच्या कॅसेट परवानगीशिवाय टाकू नयेत.
* गायक-वादक: सादरीकरणाच्या पुढील वर्षारंभापासून ५० वर्षे. १९८५ मधल्या भजनाबाबत हा हक्क २०३५ अखेरपर्यंत राहतो. आपले नाव दिले जावे आणि आपल्या गायनाची मोडतोड होऊ नये, असे म्हणण्याचा हक्कही त्यांना आहे.
* रेडिओ प्रसारण: प्रसारणाच्या पुढील वर्षारंभापासून २५ वर्षे. पण ती संपली तरी त्यातल्या गाण्यांचे वरचे हक्क वेगळे उरतात.

व्यवहारात याचा अर्थ असा: गावच्या मंडळाची कॅसेट टाकण्यापूर्वी हयात गायकांना आणि दिवंगतांच्या घरच्यांना विचारावे. शक्य तर दोन ओळींचे लेखी घ्यावे आणि सर्वांची नावे द्यावीत. राष्ट्रसंतांच्या रचना असतील तर आधी अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाकडे विचारणा करावी.

सिनेमाच्या चालीवर बांधलेले भजन यूट्यूबवर टाकले की आपोआप ओळखणारी यंत्रणा कधी कधी कंपनीचा दावा लावते. याने घाबरून जाऊ नये. दावा आणि 'स्ट्राइक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात सहसा जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात किंवा व्हिडिओ रोखला जातो. त्यावर हरकत घेता येते, आणि दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. स्ट्राइक गंभीर: तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतो. मात्र चाल खरोखर सिनेमाची असेल तर खोटी हरकत घेऊ नये.

दुकानात द्यायचे असेल तर

वेळ किंवा यंत्र नसेल तर काम दुकानाकडे द्यावे, पण सगळी पेटी एकदम देऊ नये. एक कॅसेट देऊन निकाल ऐकावा. चार प्रश्न विचारावेत: वेव्ह फाइल मिळेल का, प्रत्येक कॅसेटला हेडचा कोन लावता का, दर कॅसेटमागे की तासामागे, आणि कॅसेट दुसऱ्या गावी पाठवता का. संख्या, वेष्टनावरचा मजकूर आणि परत देण्याची तारीख लिहिलेली पावती घ्यावी.

कॅसेट हरवली, पुसली गेली किंवा ठरलेले काम झाले नाही, तर ती सेवेतील त्रुटी आहे. पावतीवर 'दुकान जबाबदार नाही' असे छापलेले असले तरी तक्रारीचा हक्क संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे न सुटल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ऑनलाइन घेतलेले यंत्र सदोष निघाल्यास कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार सोडवावी, असा नियम आहे. भरपाई मात्र पैशात मिळते, आवाज परत मिळत नाही.

लग्नाच्या किंवा महोत्सवाच्या व्हीएचएस कॅसेट असतील तर त्या आधी द्याव्यात. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतली यंत्रे दर वर्षी कमी होत आहेत.

कधी सुरू करावे

वऱ्हाडात या कामाला पुण्यतिथी महोत्सवानंतरचा काळ चांगला. पावसाचा दमटपणा गेलेला असतो आणि उन्हाळ्याला अवकाश असतो. काम झाल्यावर मूळ कॅसेट फेकू नये, कारण पुढे आणखी चांगल्या यंत्रावर ती पुन्हा उतरवता येईल. फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळून, डबीत घालून, उभी ठेवावी. पत्र्याखालचा माळा, स्पीकर आणि उन्हाची भिंत यांपासून दूर. पहिली कॅसेट म्हणून वेष्टनावर काहीच लिहिलेले नाही, अशीच एखादी निवडावी आणि येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला शेजारी बसवून लावावी.